क्लिंकरला पाजायचं पाणी

बहात्तरच्या दुष्काळात मी नगर जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या बांधकामावर सुपरवायझर होतो. वय तेवीस, अक्कल त्याहून कमी. बॉयलरजवळ नवा स्लॅब टाकायचा होता. जुन्या खांबांना ओझं झेपणार नव्हतं, म्हणून खडीऐवजी क्लिंकर, म्हणजे भट्टीत कोळसा जळून उरलेला सच्छिद्र खडा, वापरायचं ठरलं. वजनाला हलका, आचेला चिवट. पण हा खडा पाणी पितो. आदल्या दिवशी भिजवला नाही तर सिमेंटचंच पाणी ओढून घेतो आणि स्लॅब कच्चा राहतो. तो नीट भिजवून घेणं माझं काम.

त्यासाठी टँकरनं हौद भरायचा. गावातल्या विहिरी कोरड्या ठाक. सुट्टी झाली की कामावरच्या बाया त्या हौदातून हंडे भरून न्यायच्या. पहिल्या दिवशी मी खेकसलो. त्यांच्यातली थोरली मावशी शांतपणे म्हणाली, "भाऊसाहेब, दगडाला पाजायला पाणी हाय, अन् आमच्या लेकरांना न्हाई व्हय?" मी तोंड फिरवलं. मग रोजच फिरवत राहिलो. क्लिंकरवर उरलंसुरलं पाणी शिंपडून आम्ही वेळ मारून न्यायचो.

स्लॅब पडला. दहा-बारा दिवसांनी कडेची फळी काढून खिळ्यानं ओरखडून पाहिलं, तर भुगा हातात आला. त्याच स्लॅबखाली उभं राहून फायरमन लोक भट्टीत कोळसा टाकणार होते. टेकू काढायला दोन दिवस होते. त्या दोन दिवसांत मला भाकरी गोड लागली नाही. गप्प बसावं असंही वाटलं, खोटं कशाला सांगू.

शेवटी इंजिनिअरसाहेबांना सांगितलं, क्लिंकर नीट भिजलाच नव्हता. "मग पाणी गेलं कुठं?" त्यांनी विचारलं. बायांचं नाव घेतलं असतं तर त्यांचं काम सुटलं असतं. "माझंच लक्ष नव्हतं," म्हणालो. त्यांनी चारचौघांत माझी लाज काढली, पण हाकललं नाही. स्लॅब फोडून नव्यानं टाकायचा आणि आता हौदावर राखणीला माणूस बसवायचा, असा हुकूम झाला. तो माणूस मीच.

सुट्टी झाल्यावर मावशी हंडा घेऊन आली. मला तिथं बसलेलं पाहून थबकली. फायरमन लोकांचे जीव वाचवले, असं मी मनाला बजावत होतो, पण मान वर होईना.

"मावशी, आता न्हाई," मी म्हणालो.

मागून येणाऱ्या बायांना तिनंच हातानं परत फिरवलं.