मेलेलं न खाणारा नळीमासा

गणू भोपीला राग यायला कारण लागत नाही, असं आळीत म्हणतात. खोटं आहे. कारण दर वेळी असतं, ते ऐकून घ्यायला कोणी थांबत नाही.

या वेळचं कारण त्याच्या मुलानं, धनेशनं, आयतं हातात दिलं. कोपरच्या खाडीला लागून भोपी भावकीची खाजण आहे, बांध घातलेली जमीन, एके काळी भाताची. ती भराव टाकायला द्यायची असं भावकीत ठरलेलं. रविवारी सगळे धनेशच्या हॉलमध्ये जमून सह्या करणार होते, आणि थोरला म्हणून पहिली सही गणूची. बुधवारी धनेशनं कागद वाचून दाखवला. त्यात एक ओळ होती: सदर ठिकाणी खाडी मृत असून तीत कोणताही जीव नाही.

"कोन बोलला?" गणूनं विचारलं.

"सगळेच बोलतात, बाबा. केमिकलचं पाणी येतं, वास मारतो. काय राहिलंय तिथं?"

गणू उठला, खुंटीवरचं हातजाळं काढलं आणि अडुसष्टाव्या वर्षी कमरेएवढ्या चिखलात उतरला.

ओहोटी होती. बांधाखालच्या गवतात जाळं घासत तासभर गेला, तेव्हा गवताबरोबर तीन नळीमासे वर आले. नळीमासा म्हणजे वीतभर सुतळीचा तुकडा आणि पुढे नळीसारखं तोंड. माणसाच्या खाण्यात त्याचा काही उपयोग नाही. जाळ्यात आला की आम्ही शिवी हासडून परत फेकायचो. गणूनं ते तिन्ही खाडीच्याच पाण्यात घालून घरी आणले. धनेशच्या हॉलमध्ये काचेची टाकी आहे, तिच्यात विकतचे लाल मासे. गणूनं ते बादलीत काढले, टाकीतलं नळाचं पाणी मोरीत ओतलं आणि चार कॅन खाडीचं पाणी भरलं. धनेश आला तेव्हा त्याचे मासे न्हाणीत होते.

"बाबा, हे काय केलंत?"

गणूनं टाकीतल्या खाडीच्या पाण्याकडे बोट केलं. "तुजी मेलेली खारी हाय ती. रविवारपरयंत बगीत बस."

पण रविवारपर्यंत मासे जगायला हवेत, आणि मासे तर खाईनात. धनेशच्या डबीतले दाणे तळाला जाऊन फुगले. शोभेच्या माशांच्या दुकानातल्या देवेशनं गोठवलेल्या अळ्या दिल्या आणि वर सांगितलं, "काका, भूक लागली की झक मारून खातील."

"त्याला हललं तं दिसतं," गणू म्हणाला. "मेलेलं म्हंजे त्याचे लेखी दगर."

धनेशला मनातून बरंच वाटत होतं. मासे मेले की ओळ खरी.

शुक्रवारी सकाळच्या ओहोटीला गणू उघाडीवर गेला. उघाडी म्हणजे बांधातलं लाकडी दार, खाजणीतलं पाणी तिथून बाहेर सोडतात. पाणी उतरतं तशी तिथं कोलीम गोळा होते, तांदळाच्या कणीएवढी बारीक कोळंबी, उड्या मारणारी. अर्धा डबा जिवंत कोलीम घेऊन तो घरी आला आणि पायाचा चिखल धुवायला मोरीत शिरला. तेवढ्यात सून कल्पितानं डबा उचलला. सासऱ्याला मदत म्हणून. नळाखाली तिनं कोलीम तीन पाण्यांतून धुतली, चाळणीत निथळली आणि टाकीत घातली.

कोलीम पांढरी पडून तळाला बसली. माशांनी तोंडही वळवलं नाही.

"धुतलीस?" गणू टाकीपुढे उभा राहून म्हणाला.

"रेती होती लय, बाबा."

"कालवन करनार व्हतीस त्यांचा?"

"कोलीम न धुता कोन घालतं?"

आतून त्याची बायको तुळसा बोलली, "तिला कनाला बोलता? मीच शिकवलंय. एकदा कालवनात रेती लागली तं तुमी ताट भिताडावर मारलंव."

हे खरं होतं. म्हणूनच गणूचा आवाज आणखी चढला. खालच्या मजल्यावरची माणसं जिन्यात येऊन उभी राहिली.

संध्याकाळी एक मासा उलटा झाला. शनिवारी सकाळी दुसरा. धनेश टाकीजवळून दोनदा गेला.

शनिवारच्या ओहोटीला गणू परत उघाडीवर. या वेळी कोलीम खाडीच्या पाण्यातच, बादलीवर ओलं गोणपाट. दारात त्यानं सगळ्यांना बजावलं, जो हात लावील त्याचा हात मोडीन. बांधावरचं गवत दगडाला बांधून टाकीत सोडलं. "तो पंप बंद कर. त्याच्या तोंडाम्होरला घास व्हावून जातंय," तो धनेशवर खेकसला. मग चमचाभर कोलीम गवताशी ओतली. उरलेला मासा गवताच्या काडीसारखा उभा होता. त्याचा एकच डोळा फिरला. एक कोलीम नळीसमोर आली आणि दिसेनाशी झाली. मग दुसरी. मग गणूनं मोजणं सोडलं.

दर दोन तासांनी चमचा, असा रविवार उजाडला.

भावकी आली. सगळ्यांनी आधी मोबाईल काढले. गणूचा चुलतभाऊ विश्राम म्हणाला, "भारी हाय. बाहेरून मागवला का, दादा?"

"आपले उघारीवरचा. खातो ती कोलीमपन तिथलीच, जित्ती."

मोबाईल खिशात गेले. विश्रामनं कागद आणि पेन पुढे सरकवलं.

"ती वल खोर," गणू कागदातल्या त्या ओळीवर बोट ठेवून म्हणाला. "मंग बोलू."

"छापलेली हाय ती. एका माशासाठी भावकी अरवतंस?"

"मासा जेला चुलीत. माज्या हातानी खोटं लिवून घेताव तुमी. मी बांदावर जल्माला आलू, न मीच लिवू का खारी मेली?"

"बाबा, पाहुण्यांसमोर तरी..." धनेश पुटपुटला.

"पावने कोन? सगले त्याच चिखलातले."

चहा तसाच राहिला. माणसं उठून गेली. धनेश म्हणाला, माझी टाकी रिकामी करा. दुपारी गणूनं मासा बादलीत घेतला आणि बांधाखालच्या गवतात सोडला. थांबला नाही, वळून पाहिलं नाही. ज्यांनी बघायचं होतं त्यांनी पाहिलेलं.

आता सहीचं काय म्हणून कोणी विचारलं तर तो सांगतो, ओहोटीला उघाडीवर या, खाली उतरा, पाण्यात हात घाला, मग कागद दाखवा. विश्राम दोनदा जाऊन आला. पहिल्या वेळी बूट घालून, दुसऱ्या वेळी बूट हातात घेऊन. कागदातली ओळ दोन्ही वेळा तशीच होती, म्हणून गणूनं त्याला दोन्ही वेळा चिखलातूनच परत पाठवलं.