दुखत नाही तर जखम कसली?

९ फेब्रुवारीला उस्तादांनी तपकिरी जोडाचे बाराशे चाळीस रुपये मोजून घेतले आणि गिऱ्हाइकाला सांगितले, "परवा न्या. दोन दिवस माझ्या पायात फिरू दे."

बूट शिवणाऱ्या उस्तादांची ही जुनीच रीत. आपल्या मापाचा जोड ते स्वतः घालून मऊ करत. आत खिळ्याचे टोक राहिले असेल तर पाय सांगतो, म्हणत. अलीकडे अर्धीअधिक गिऱ्हाइके मधुमेहाची. रुंद पंजा, मऊ अस्तर, असे डॉक्टरांनीच सांगून पाठवलेली. शेजारच्या औषधवाल्याला उस्ताद चिडवत, "तुमचं-माझं दुकान साखरेवरच चाललंय! गल्लीत एखादा धडधाकट उरला, तर त्याला काचेच्या कपाटात ठेवू."

"बाबा, आधी स्वतःच्या गोळ्या घ्या," लेक म्हणायची. साखर त्यांनाही होती. गोळ्या मनात आले तर घेत.

दुसऱ्या संध्याकाळी त्यांनी तपकिरी जोड काढला, तर मोजा रक्ताने भिजलेला. तळातून खिळा वर आला होता.

"दिवसभर यावर चाललात? कळलं नाही?" लेकीने विचारले.

"दुखत नाही तर जखम कसली? उगाच डोकं खाऊ नकोस."

फडके बांधून ते कामाला बसले. आठवड्याने वास आला, तोही बायकोला.

डॉक्टर म्हणाले, "साखरेनं पायाची जाणीवच गेलीय. गुडघ्याखालून काढावा लागेल."

"कधीपासून गेलीय?"

"तीन-चार वर्षं तरी."

उस्ताद लेकीचा हात घट्ट धरून म्हणाले, "चार वर्षं मी याच पायांनी जोड तपासून दिलेत. घेणाऱ्यांनाही साखरच. जा, एकेकाच्या बुटात हात घालून बघ."

शस्त्रक्रियेच्या दिवशीही ती दारोदार फिरत होती. परतली तेव्हा उस्ताद शुद्धीवर आले होते.

"सगळे ठीक ना?"

"एक सोडून. म्हातारे रखवालदारकाका. उजव्या बुटात खिळा होता."

"आणि पाय?"

"तुमच्याआधीच काढलाय, बाबा. बोटं काळी पडली होती. कशानं झालं, ते त्यांना आज कळलं."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, जोड मात्र झकास मऊ होता."

उस्तादांनी भिंतीकडे तोंड फिरवले. रखवालदारकाकांच्या जोडाचे पैसे परत करायचे, एवढेच ते रात्री बायकोला बोलले. दुकान बंद झाले, तरी थोडे थोडे करून ते पोचते होत आहेत. एकशे साठ अजून देणे आहे.