काकीचं जांभळं लुगडं

माझ्या लग्नात मी काकीकडे एकच गोष्ट मागितली होती. माझ्या आयचं हिरवं लुगडं. आय मी लहान असतानाच गेली, आणि तिची पेटी काकीच्या खोलीत गेली. त्या पेटीत हे लुगडं. लाल रेशमी काठ, काठावर बारीक रुईफुलं. हळदीला मी ते मागितलं तर काकी सगळ्या बायकांसमोर म्हणाली, "मेलेल्या बाईचं लुगडं नवरीच्या अंगाला लावतात होय गो? अक्कल हाय का न्हाय तुला?"

आणि त्याच वर्षी नारळी पुनवेला तेच लुगडं घट्ट नेसून ही बया मिरवणुकीत पुढे नाचत होती. देश नुकता स्वतंत्र झाला होता, सगळा कोळीवाडा खूश होता. मी तेवढी जळत होते. मनात म्हटलं, थांब काकी.

बरीच वर्षं थांबावं लागलं. तोवर गोधड्या शिवण्यात माझा हात बसला. कडेपासून टाका सुरू करायचा, आत आत नेत मधोमध संपवायचा. दोरा विकतचा नाही, जुन्या काठांतून ओढलेला. आसपासच्या गावांतली बाळं माझ्या दुपट्यांवर निजायची. मग काकीच्या लेकीला दिवस गेले आणि काकीनं मला बोलावून घेतलं.

आयचं लुगडं माझ्या मांडीवर टाकून म्हणाली, "हे काप. नेसून नेसून मऊ झालंय, बाळाला बरं. आत भरायला चिंध्या पेटीत हाईत, घे काय हव्या त्या." आणि पाटी डोक्यावर घेऊन अलिबागच्या बाजाराला निघून गेली.

मी पेटी उघडली. वरच काकीचं जांभळं लुगडं होतं. मुंबईहून आणलेलं, फक्त सणाला बाहेर निघणारं. आयचं हिरवं आणि काकीचं जांभळं एकाच गाठोड्यात बांधून मी सासरी आणलं.

जांभळं जरा कडक होतं हो. मग मी ते सोड्याच्या पाण्यात उकळलं, दगडावर आपट आपट आपटलं. एवढ्या प्रेमानं कपडा मी कधी धुतला नाही. मऊ झाल्यावर कात्री घातली. कर्र कर्र आवाज अजून कानात गोड वाटतो. शिवलं मात्र मन लावून. काठाची चौकट, चारी कोपऱ्यांना त्रिकोण. हलकं काम करून सूड घ्यायचा नव्हता मला.

बारशाला मी आयचं हिरवं नेसून गेले. काकी साध्या लुगड्यात, चेहरा आंबट. सकाळपासून जांभळं शोधत होती म्हणे. मी दुपटं पाळण्याशेजारी पसरलं आणि तिचा चेहरा पांढराफटक.

शेजारची म्हातारी वाकून बघत म्हणाली, "कसलं सुंदर गो! हे तर तुझं सणाचं लुगडं. नातवासाठी कापलंस?"

मी म्हटलं, "काकीचा जीवच मोठा. आणि हे आयचं लुगडं बघा, इतकी वर्षं माझ्यासाठी सांभाळलंन. व्हय ना काकी?"

काकीनं दुसरं लुगडं कापायला दिलं होतं म्हणावं, तर कुठलं ते सांगावं लागणार. मेलेल्या बाईचं, तान्ह्या बाळासाठी? हळदीच्या दिवशीच्या अर्ध्या बायका तिथंच बसल्या होत्या.

"व्हय," काकी म्हणाली.

मागल्या दारी मात्र तिनं माझा दंड धरला. "माझं लुगडं कापलंस, रांडे!"

"मोठ्यानं बोल ना काकी. बायका ऐकतील."

तिनं हात सोडला. तेवढ्यात आतून तिच्या लेकीची हाक आली, "आय गो, बाळानं दुपटं भिजवलं, जरा धुऊन टाक!"

काकी विहिरीवर बसून आपलं जांभळं पिळत होती आणि मी ओटीवर बसून चहा पीत होते. कुणीतरी म्हणालं, जा की, काकीला पाणी ओढून दे. मी म्हटलं, चहा गरम हाय, संपवू दे. आणि दुसरा कप मागितला.