मिलिंदने तपासलेला शेवटचा कोड

मागच्या रविवारी सातपूरला मिलिंदकडे गेलो होतो. बॅगेत लॅपटॉप होता आणि मनात त्याला सांगायची एक गोष्ट होती, जी मी कित्येक दिवस टाळत होतो...

मिलिंद माझा मित्र. नोकरी करून उरलेल्या वेळात आम्ही दोघं एक पार्सर सांभाळतो, तेही फुकटात. प्रोग्रामर लोक आपला कोड काय करतो ते कोडमध्येच खुणा टाकून लिहून ठेवतात. त्या खुणा वाचून वेबसाइटवर दिसणारी माहितीची पानं तयार करतो, तो आमचा पार्सर. कुठल्या कुठल्या देशातले लोक तो वापरतात, घरी मात्र आम्ही नक्की काय करतो ते कोणालाच कळत नाही.

नियम असा, की कोणीही बदल पाठवला तरी आमच्यापैकी एकाने तपासून हो म्हटल्याशिवाय तो आत जात नाही. आणि तपासायला मिलिंद म्हणजे महाखडूस... माझे कितीतरी बदल त्याने तसेच्या तसे परत पाठवलेत. त्याच्याकडून 'चालेल' आलं तरी मी खूश व्हायचो, 'चांगलं' तर कधी ऐकलंच नाही.

गेल्या वर्षी चांदवडहून येताना हायवेवर त्याच्या बाईकला अपघात झाला. जीव वाचला, पण डोक्याला जबर मार बसला. आता बोलतो, हसतो, मला ओळखतो. पार्सर आम्ही दोघं सांभाळतो हेही त्याला ठाऊक आहे. पण त्यात आपण स्वतः काय लिहिलं, ते सगळं पुसलं गेलंय.

पार्सरच्या कामात आमच्याबरोबर आणखी दोघं आहेत, ते परदेशात असतात. त्यांनी फार नम्रपणे लिहिलं, की इतके महिने बंद पडलेल्या खात्याकडे बदल आत घ्यायचे अधिकार ठेवणं धोक्याचं आहे, कोणी ते हॅक केलं तर... मिलिंदचे अधिकार काढू या. त्यांचं बरोबरच होतं. मला मात्र राग आला, आणि तो काढायचा कोणावर तेही कळेना.

तेवढ्यात सुजाता वहिनींचा, म्हणजे त्याच्या बायकोचा, फोन आला. हे दिवसभर नुसते बसून असतात, तुमच्या त्या कामातलं काहीतरी द्या ना भाऊजी, म्हणाल्या. मला वाटलं, एक बदल जरी त्याने तपासला तरी त्या दोघांना ठणकावून सांगता येईल, मिलिंद परत आलाय म्हणून, आणि अधिकार काढायचं त्याला सांगावंच लागणार नाही.

त्यातल्या त्यात सोपा बदल निवडून नेला होता. एकेका ओळीवर बोट ठेवून तो वाचू लागला. मधेच विसरायचा, परत वरून सुरू करायचा... शेवटी त्याने बोट उचललं आणि म्हणाला, "नाही रे कळत."

मी म्हटलं, राहू दे, घाई नाही. वहिनी चहा घेऊन आल्या होत्या, त्या आमच्याकडे न बघता टीपॉय पुसत राहिल्या. पुसलेलाच टीपॉय परत परत.

तो उगाच खाली स्क्रोल करत राहिला. खालचा भाग जुना होता. तिथे तो थांबला आणि त्याचा चेहराच बदलला... हे त्याला कळत होतं! खूण उघडून कोणी बंद करायला विसरलं, तर आमचा पार्सर अडून बसत नाही. जमेल तेवढं समजून घेतो आणि उरलेलं आहे तसं दाखवतो. हे सगळं त्याने मला समजावलं, अडखळत, पण अगदी बरोबर.

"लय चांगलं लिहिलंय," तो म्हणाला. "चुकणाऱ्याला सांभाळून घेतलंय रे यात. कोणी लिहिलंय?"

त्यानेच लिहिलं होतं.

अगदी ओठांवर आलं होतं माझ्या. पण मागे एकदा मी अशीच कशाची तरी आठवण करून द्यायला गेलो, तर नंतर दिवसभर तो डोकं धरून बसला होता. वहिनींनी लांबूनच मान हलवून नको म्हटलं. मी म्हणालो, आहे एक जण.

चहा संपवून त्याने कप खाली ठेवला. मग म्हणाला, "एक काम कर. माझ्या जागी याला घे. माझ्याच्यानं नाही होणार आता."

जे बोलायला माझी जीभ रेटत नव्हती, ते त्यानेच बोलून टाकलं. मी बरं म्हणालो. निघालो तर गेटपर्यंत आला, चप्पल न घालताच. "त्याला विचार नक्की. नाही म्हणाला तर माझं नाव सांग."

आयटीआय सिग्नलपर्यंत कसाबसा आलो आणि गाडी बाजूला घेऊन रडलो. माणूस समोर बसलेला असतानाही त्याची आठवण येते... हे मला माहीतच नव्हतं.

सोमवारी त्याचे अधिकार काढले. त्या दोघांनी आभार मानले, आणि त्याच्या जागी कोणी सुचतंय का, असं विचारलं.

मिलिंदने एक जण सुचवलाय, एवढं टाइप केलं... पुढे काही लिहिताच येईना.