पुढची सीट फुल्ल आहे

"मावशी, हे देऊळ नाहीये. चप्पल घाला."

कोटातला सुपरवायझर एवढंच बोलला. मागच्या रांगेत दोघं-तिघं हसले. विमानतळावरच्या चेक-इन काउंटरसमोर गालिचा अंथरलेला, आणि त्यावर माझी आई अनवाणी उभी. चप्पल काढून हातात धरलेली.

आणि मी? मी दातओठ खात आईलाच म्हटलं, "घाल ना ती! लाज आणतेस नुसती!"

हे आधीच सांगून टाकते. मला स्वतःला चांगलं दाखवायचं नाहीये.

आईने तीस वर्षं ठाण्यातल्या एका मोठ्या सोसायटीत साफसफाई केली. जिने, कचरा, लोकांचे संडास. प्रत्येक दाराशी चप्पल बाहेर. घरातली माणसं बूट घालून सोफ्यापर्यंत जायची, पण आईची चप्पल बाहेरच. चहाचा कप वेगळा, तोही ग्रिलच्या फटीत ठेवलेला. एवढी वर्षं हे केल्यावर गालिचा दिसला की पाय आपोआप चपलेतून निघतो. मी शिकले. ठाण्यातच खोपटच्या एका लॅबमध्ये लागले, तपासणीसाठी लोकांचं रक्त काढते. वाटायचं, आपण सुटलो. डोंबलाचं सुटलो!

त्याच सोसायटीच्या जिन्यावरून पडून आईचा पाय मोडला, त्यात रॉड बसवला. गुडघा वाकत नाही. तिची एकच इच्छा, नागपूरला जाऊन दीक्षाभूमी बघायची. डॉक्टरांनी बजावलेलं, प्रवासात पाय सरळ राहिला पाहिजे, नाहीतर सूज चढेल. साध्या सीटवर ते कसं जमणार? आणि पुढच्या मोठ्या सीटचा भाव आपल्याला झेपणारा नाही. विमान कंपनीला फोन केला. तिथली बाई म्हणाली, "चेक-इनला विचारा. पुढची सीट रिकामी असेल तर वरचे पैसे भरून स्वस्तात मिळते."

"चान्स किती?"

"लवकर आलात तर चांगला. आधी विचारेल त्याला देतात."

म्हणून आम्ही रांगेत पहिल्या. काउंटर उघडायच्या आधीपासून. पाय ठणकत होता तरी आई बसायला तयार नाही. नंबर जाईल म्हणाली.

तर चपलेचं ते झालं, आणि मी काउंटरवरच्या मुलीला विचारलं, "पुढची एक सीट हवी आहे. आईचा पाय वाकत नाही. पैसे भरते."

तिने सुपरवायझरकडे बघितलं. स्क्रीनकडे नाही, त्याच्याकडे. त्याने मान हलवली.

"फुल्ल है मॅडम."

मी थँक्यू म्हटलं. हो, थँक्यू! बाजूला होऊन आईचा बोर्डिंग पास पर्समध्ये ठेवत होते. आमच्या मागे होता तो माणूस पुढे आला. हातात दोन फोन, पायात चकचकीत बूट. त्याने काही विचारलंसुद्धा नव्हतं. तीच मुलगी हसून त्याला म्हणाली, "सर, नागपूर? आगे की दो सीट खाली है. अपग्रेड करेंगे?"

"नको," तो म्हणाला. "दीड तासाचा तर प्रवास."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आई माझा दंड ओढत होती. "चल गं बाई. मागं बसू आपण."

ही मागं बसायची सवय तिला कुणी लावली? आणि मघाशी तिच्यावर ओरडून मी कुणाचं काम केलं? त्या कोटवाल्याचंच. त्याच्या पाठोपाठ मी.

मी परत फिरले. काउंटरवर हात ठेवला. "मला फुल्ल, यांना दोन रिकाम्या. कसं काय?"

सुपरवायझर शांतपणे म्हणाला, "मॅडम, ती ऑफर आम्ही प्रोफाइल बघून देतो."

"प्रोफाइल म्हणजे?"

त्याने आईच्या पायांकडे बघितलं.

"तोंडाने बोला ना."

मागून आवाज यायला लागले. "ओ ताई, आम्हालाही जायचंय." "अरे, यांचं काय चाललंय?" मी काउंटरवरचा हात हलवला नाही.

मग सुपरवायझरने आवाज खाली आणला. "ठीक आहे. मावशींना मी फ्री देतो सीट. कशाला तमाशा करताय?"

फ्री. पाय सरळ राहणार होता. मला क्षणभर घ्यावीशी वाटली, खोटं कशाला बोलू? आईकडे बघितलं. पाय तिचा, ठरवणार ती.

आई त्याच्याकडे बघत होती. मग म्हणाली, "फुकटचं लई खाल्लं साहेब. शिळं द्यायच्या सोसायटीतल्या बाया, अन् वरून उपकार. माझी पोरगी पैसं देतीय, ते घ्या."

"पैसे घ्या, पावती द्या," मी म्हटलं. "आणि आधी फुल्ल का सांगितलंत, ते लिहून द्या."

"लिहून काही मिळणार नाही. आणि अपग्रेड मी आता बंद केलंय."

केलं बंद. आम्ही सत्ताविसाव्या रांगेत बसलो. आईचा पाय मधल्या वाटेत. खाण्याची ट्रॉली दोनदा आदळली. दुसऱ्यांदा आईच्या तोंडून "आई गं" निघालं. पुढच्या दोन सीट नागपूर येईपर्यंत रिकाम्या गेल्या, मी जाऊन बघून आले.

नागपुरात उतरल्या उतरल्या मी कंपनीकडे लेखी तक्रार टाकली. दुसऱ्या दिवशी फोन आला. गोड आवाज. गैरसमज झाला म्हणे. पुढच्या प्रवासाचं कूपन देतो, तक्रार मागे घ्या. मी म्हटलं, कूपन ठेवा तुमच्याकडे. फुल्ल का सांगितलंत, तेवढं लिहून पाठवा. अजून पाठवलेलं नाही. मीही सोडलेलं नाही.

परवा आमचं परतीचं विमान आहे. आईचा पाय सुजलाय, तरी मी पुन्हा सगळ्यांच्या आधी जाणार, तिला घेऊन. पुढची सीट आहे का, हे असं मोठ्याने विचारणार की अख्ख्या रांगेला ऐकू जाईल. आणि फुल्ल म्हणाले, तर बाजूला होणार नाही. मागच्याला काय सांगतात ते ऐकत तिथेच उभी राहणार.