नाचाआधीचे व्याख्यान

शनिवार, १४ जून २०२५. सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी नातीने माझ्यासमोर फोन ठेवला आणि रेकॉर्डिंग सुरू केले. विद्यापीठात तिला निबंध लिहायचा होता: सोव्हिएत राजवटीत तरुणांच्या करमणुकीवर सरकारचे नियंत्रण. मी सोव्हिएत युनियनमध्ये पाच वर्षे धातुशास्त्र शिकलो. सिडनीच्या ब्लॅकटाउनमध्ये असा साक्षीदार फुकट मिळणे कठीण.

"आजोबा, काय काय बॅन होतं? स्टार्ट."

मी सांगितले. वसतिगृहात शनिवारी नाच असे. गाण्यांची यादी तीन प्रतींत युवक संघटनेच्या चिटणीसाकडे द्यावी लागे. तो परदेशी गाणी खोडत असे. शिवाय नाचाआधी चाळीस मिनिटे उद्बोधक व्याख्यान सक्तीचे होते. व्याख्यान सुरू झाले की दार आतून बंद; उशिरा येणाऱ्याला नाचालाही प्रवेश नसे.

"हॉरिबल! कोण द्यायचं ते लेक्चर?"

"मी."

तिने फोनकडे पाहिले, मग माझ्याकडे.

परदेशी विद्यार्थ्याचे व्याख्यान चिटणीसाच्या अहवालात शोभून दिसे. माझा विषय भारतातील सिंचन. सभागृह तुडुंब भरे. लोकांना कालव्यांची इतकी ओढ आहे, अशी माझी दोन वर्षे समजूत होती. एकदाच एकाने प्रश्न विचारला. त्याला त्याच्या मित्रांनीच खाली बसवले.

"म्हणजे तुम्ही व्हिक्टिम नव्हताच. तुम्ही सिस्टीम होता!"

"मी पाहुणा होतो."

"आणि नंतर नाचायचात?"

"कोणी विचारले नाही. मी खोलीवर जात असे."

तिने रेकॉर्डिंग थांबवले आणि पिशवीतून कागद काढले. आमच्या मराठी मंडळाच्या युवा संध्येचा कार्यक्रम. संध्येची जबाबदारी तिची. मंजुरी ज्येष्ठांच्या समितीची, आणि समितीचा अध्यक्ष मी.

"वाचा. गाण्यांची यादी, तीन कॉपीज. सात गाणी तुम्ही कट केलीत. डीजेच्या आधी पाऊण तास व्याख्यान. स्पीकर कोण?"

"ते वेगळे आहे. आपण संस्कृती जपतो."

"तो सेक्रेटरी काय म्हणायचा?"

तो हेच म्हणत असे.

"आजोबा, फक्त अकरा जणांनी नावं दिलीत. सगळे विचारतात, लेक्चर आहे का? आज पाचपर्यंत आकडा वाढला नाही तर मी संध्या कॅन्सल करते. मग पुढच्या वर्षी मला कोण विचारणार?"

मी चष्मा पुसला.

"तीस मिनिटे."

"झीरो."

"दहा. कालव्यांचा इतिहास दहा मिनिटांत बसत नाही."

"तीन. आणि नो कालवे!"

"मग बोलू काय?"

"आत्ता मला सांगितलंत तेच. हसतील सगळे."

माझ्या व्याख्यानाला आजवर कोणी हसले नव्हते. मी तिन्ही प्रतींवर पंचेचाळीस खोडून तीन लिहिले, सातही गाणी यादीत परत घातली आणि सह्या केल्या. तिने तेथूनच मित्रमैत्रिणींना कळवले. साडेचारपर्यंत चौसष्ट नावे झाली.

"तुमची खुर्ची पुढे ठेवू?" तिने विचारले.

"बघतो," मी म्हणालो.

पावणेपाचला मी हॉलच्या व्यवस्थापकाला फोन केला. व्याख्यानासाठी ऐंशी खुर्च्या मांडायला सांगितल्या होत्या. आता ज्येष्ठांपुरत्याच मांडा, असे कळवले. समितीत आम्ही दहा जण आहोत. मी नऊ खुर्च्या सांगितल्या.