यॉर्कचे डोहाळे

इंग्लंडमधल्या यॉर्कला जायचं मी ठरवलंच नव्हतं. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. कंपनीने अमेरिकेतल्या पार्सिपनीहून, जिथे आम्ही राहायचो, तिथल्या एका कारखान्यात मशीन बसवायला पाठवलं. उन्हाळ्यात तीन खेपा, प्रत्येकी चार दिवसांच्या. नेमका तेव्हाच माझ्या बायकोला, सुमेधाला, पाचवा महिना लागलेला. आधीचं मूल पोटातच गेलं होतं, म्हणून डॉक्टरांनी या वेळी सक्त झोपून राहायला सांगितलं होतं. माझा पाय निघेना.

"शेजारच्या काकू येतायत ना रोज. तू ट्रिप कॅन्सल करू नकोस," ती म्हणाली. "मला चिंचेचे नाही, चालण्याचे डोहाळे लागलेत. माझ्या वाटचं चालून ये."

डोहाळे पुरवायचे असतात. गेलो.

लंडनच्या किंग्ज क्रॉस स्टेशनाहून गाडीने दोन-अडीच तासांत यॉर्क येतं. काम संपलं की मी शहराच्या जुन्या तटावर चढायचो. तट फुकट आहे, दोनेक तासांत फेरी होते. पायऱ्या निसरड्या, तेव्हा बूट चांगले न्या. एकीकडे मिन्स्टर हे अवाढव्य चर्च, खाली लोकांच्या परसात वाळत घातलेले कपडे. शॅम्बल्स या कसायांच्या जुन्या गल्लीत वरचे मजले इतके पुढे झुकलेत, की समोरच्या घरात खिडकीतून आमटीची वाटी देता यावी. वारा फिरला की गावभर चॉकलेटच्या कारखान्याचा वास. खाण्याचे मात्र हाल. शाकाहारी म्हटलं की भाजलेला बटाटा नि चीज, आणि मी नागपूरचा.

घरी आल्यावर हे सगळं पलंगाशी बसून सांगितलं, बटाट्यासकट. सुमेधाने मी आणलेला यॉर्कचा नकाशा पोटावर पसरून पेन्सिलने माझी वाट काढली. दुसऱ्या खेपेलाही तसंच.

तिसऱ्या खेपेला मशीन रुसलं. हॉटेल, कारखाना, हॉटेल. शहर दिसलंच नाही. परतलो तर ती सुजलेले पाय उशीवर ठेवून, पेन्सिल घेऊन तयार.

"या वेळी कुठे गेलो आपण?"

माझ्याच्याने खरं बोलवेना. नदीकाठची एक गल्ली रचली. निळं दार, खिडकीत लाल फुलं, वाफाळता चहा देऊन 'बायको कशी आहे?' विचारणारी म्हातारी. सुमेधाने गल्ली नकाशावर काढली. पुढे मुक्ता झाली, सुखरूप. पण सुमेधाने एकच गोष्ट मागितली आणि त्यात मी लबाडी केली, हे मला टोचत राहिलं.

पाच वर्षांनी तिघं यॉर्कला गेलो. नदीकाठच्या बाकावर सुमेधाने तोच नकाशा काढला. मी सगळं सांगून टाकलं.

"माहितीये," ती म्हणाली. "बाकी सगळीकडे तुझे पाय दुखले, चहा गार होता, पाऊस होता. त्या गल्लीत तुझी एकही तक्रार नव्हती."

"मग बोलली का नाहीस?"

"अरे, तेव्हा मी फार घाबरले होते. जीव घाबरा झाला की तिथेच जाऊन बसायचे."

मुक्ता बाही ओढत होती, "बाबा, कॅन वी गो देअर टू?"

घरी परतल्यावर नकाशा स्वयंपाकघरात लावताना मी खोडरबर घेतलं. "राहू दे ती," सुमेधा म्हणाली. गल्ली अजून आहे. मुक्ता अजून कधीकधी त्या गल्लीबद्दल विचारते. मी सांगतो, जागा छान, पण म्हातारीचा चहा अगदीच गार होता.